मारुती ८००: पेट्रोलची टाकी गळतेय, झाळायची की बदलायची?

सातारकर_पुण्यात | ३ जून, रात्री ९:४०

राम राम मंडळी. बाबांची १९९६ची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली, चार गिअरची. गाडी साताऱ्याला घरी, मी पुण्यात. पंधरा वर्षांनंतरचं पासिंग तीनदा करून झालंय, इंजिन आजही पहिल्या फटक्यात चालू होतं. गेले दोन-तीन महिने गाडीखाली पेट्रोलचा वास येतो. रोज नाही, अधूनमधून. परवा संध्याकाळी आई तुळशीपाशी दिवा लावायला पोर्चमध्ये गेली तेव्हा तिला भपकन वास आला. बाबांनी वाकून बघितलं तर मागच्या दोन चाकांच्या मध्ये फरशीवर तळहाताएवढा ओला डाग. सकाळपर्यंत उडून गेला, नुसती पिवळट कड राहिली.

गावातल्या एका गॅरेजवाल्याला दाखवलं. त्याने खाली न वाकताच निदान केलं: "टाकी सडली. उतरवून गॅस मारून देतो, अर्ध्या तासाचं काम, आठशे रुपये." बाबा म्हणतात एमसील लावू. मला दोन्ही पटत नाही, पण तिसरं काय ते माहीत नाही. टाकी बदलावी का? मिळते का अजून? शनिवारी जातोय. पाना-पकड थोडंफार येतं.

उगाच | ३ जून, रात्री ९:५२

पेट्रोलचा भाव बघून टाकीला रडू आलं असेल.

ओसरी | ३ जून, रात्री ९:५८

एक मिनिट. तुळशीचा दिवा गाडीपासून किती लांब आहे?

सातारकर_पुण्यात | ३ जून, रात्री १०:०३

आठ-नऊ फूट असेल. त्याच पोर्चमध्ये, एक पायरी खाली.

जुना_पाना | ३ जून, रात्री १०:२०

बाकी सगळं नंतर. आधी घरी फोन लाव आणि गाडी आत्ताच्या आत्ता ढकलून बाहेर काढायला सांग. ढकलून. चावी लावायची नाही, चालू करायची नाही, आतला दिवासुद्धा लावायचा नाही. उघड्यावर, उताराला नको, गटाराच्या झाकणावर नको.

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढली. आमच्याकडे डिझेल जास्त, पण पेट्रोलच्या जीपा होत्या साहेबलोकांच्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते. धुरासारखी वर जात नाही, पाण्यासारखी जमिनीवरून वाहते आणि खड्ड्यात बसते. तू म्हणालास तुळस एक पायरी खाली आहे. म्हणजे वाफ तिकडेच उतरणार. शिवाय पेट्रोलला पेट घ्यायला उन्हाळा लागत नाही, उणे चाळीस अंशांनाही त्याची पेटण्याजोगी वाफ होते. दिवसा वाऱ्याने निभावतं. संध्याकाळी वारा पडतो, दार बंद असतं आणि नेमका त्याच वेळी दिवा.

घाबरवत नाही. पण आजचं काम आज.

सातारकर_पुण्यात | ३ जून, रात्री १०:४५

बाबा आणि शेजारच्यांनी मिळून ढकलली. फाटकाबाहेर कडुनिंबाखाली उभी आहे. आई म्हणते, "दिवा गेली तीस वर्षं तिथंच लागतोय, गाडी नंतर आली."

दिपाली_क | ३ जून, रात्री १०:५१

काकूंना +१००

शिरोलीचा_पोरगा | ४ जून, सकाळी ७:३०

भावा त्या गॅसवाल्याला हात लावू देऊ नको. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात एका शेडमध्ये रिकामं बॅरल कापताना बघितलंय मी. बॅरल सहा महिने उन्हात पडलेलं, आत थेंब नाही, वासपण न्हाई. गॅस कटर टेकवला आणि झाकण उडून पत्र्याच्या छपराला जाऊन आपटलं. कापणारा बाजूला बसला होता म्हणून वाचला, समोर बसला असता तर मुंडकंच. रिकाम्या टाकीला लोक भीत न्हाईत आणि भरलेल्याला भितात. उलटं पाहिजे.

रसायनशाळा | ४ जून, सकाळी ९:१५

शिरोलीकरांचं शंभर टक्के बरोबर. कारण सांगते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तेव्हाच ती पेटते. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट की हवेला जागाच नाही. रिकाम्या टाकीत हवा भरपूर आणि वाफ नेमकी लागेल तेवढी. गंजाच्या पोपड्यांत, पत्र्याच्या सांध्यात मुरलेलं पेट्रोल थंडपणी गप्प असतं, ज्योत लागली की तिथूनच नवी वाफ सुटते. म्हणून "दोन दिवस उन्हात ठेवली होती" याला अर्थ नाही.

मिठाचा_खडा | ४ जून, सकाळी ९:४०

मग आजवर हजारो टाक्या झाळल्या गेल्या त्या काय हवेत? आमच्याकडे रेडिएटरवाला टाकी पाण्याने भरतो, फक्त भोकाजवळ बोटभर जागा ठेवतो आणि डाग (सोल्डर) देतो. कधी काही झालेलं बघितलं नाही.

जुना_पाना | ४ जून, सकाळी १०:०५

@मिठाचा_खडा, झाळता येतेच, कोण नाही म्हणतं. पण तुमचा रेडिएटरवाला काय करतो ते नीट बघा. साबणसोड्याच्या गरम पाण्याने तीन-चारदा खळबळून घेतो, कुणी वाफ सोडतो, मग पाणी भरून भोक वर येईल अशी टाकी तिरकी करून ठेवतो, म्हणजे आत वाफेला जागाच उरत नाही. आणि डाग देतो, गॅस वेल्डिंग करत नाही. डाग शिशा-कथलाचा, तापवलेल्या सोल्डरिंगच्या खड्याने बसतो, उघडी ज्योत टाकीवर फिरत नाही. "अर्ध्या तासात गॅस मारून देतो" म्हणणारा यातलं काय करणार? धुवायलाच अर्धा दिवस जातो.

पण आपण उगाच दुरुस्तीवर आलो. टाकी गळते हे ठरवलं कुणी? गॅरेजवाल्याने, न वाकता. सातारकर, मला एवढंच सांग: टाकी फुल असताना गळते, अर्धी असताना गळते, का कायम?

सातारकर_पुण्यात | ४ जून, सकाळी ११:३०

तसं लक्ष नाही दिलं. पण बाबांची वही आहे. १९९६पासून प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, किलोमीटर, ॲव्हरेज सगळं लिहितात. बघायला सांगतो.

उगाच | ४ जून, सकाळी ११:३३

त्या वहीची किंमत गाडीपेक्षा जास्त आहे, जपा.

मावळमाती | ४ जून, दुपारी १:१०

हे सगळं ई-२०चं (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं) पाप आहे. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, टाक्या सगळं खातंय ते इथेनॉल. फेब्रुवारी २०२३ला सुरू झालं तेव्हापासून माझ्या झेनच्या दोन नळ्या गेल्या.

रसायनशाळा | ४ जून, दुपारी २:००

नळ्यांचं मान्य. जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही, ते फुगतं, मऊ पडतं, मग वाळलं की तडकतं. टाकीचं मात्र सगळं त्याच्यावर ढकलू नका. इथेनॉल पाणी धरून ठेवतं आणि पाणी हद्दीबाहेर गेलं की दोघं मिळून तळाशी बसतात, तिथे आतून गंज चढतो, हे खरं. पण हे मुख्यतः महिनोन्महिने उभ्या गाडीत. एकोणतीस वर्षांची पत्र्याची टाकी बाहेरूनच सडते. चिखल उडतो, टाकी बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याखाली ओल धरते.

मावळमाती | ४ जून, दुपारी २:०६

म्हणजे सरकार निर्दोष. बरं.

ओसरी | ४ जून, दुपारी २:१०

याला वेगळा धागा काढा हो, हा पेटला की इथली वाफ विझायची नाही.

डेट्रॉइटचा_भाऊ | ४ जून, रात्री ८:२०

अवांतर: इकडे मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे टाकीच्या आधी तिचे लोखंडी पट्टे तुटतात आणि टाकी लोंबकळते. आणि १९९६पासून इकडच्या गाड्यांना ओबीडी-२ ही दोष ओळखणारी यंत्रणा आहे, गाडीच सांगते वाफ कुठे निसटतेय. पी०४४२ म्हणजे बारीक गळती, पी०४५५ म्हणजे मोठी. माझ्या गाडीने पी०४५५ दाखवला तेव्हा मी घाबरून चारशे डॉलरचं कोटेशन घेऊन आलो. बायको म्हणाली, झाकण नीट लावलंयस का? नव्हतं लावलं.

त्यामुळे सातारकर, पहिल्यांदा झाकणाचं रबर बघा.

मिठाचा_खडा | ४ जून, रात्री ८:३१

तुमची आणि त्यांची गाडी एकाच वर्षाच्या नियमातली, एक बोलते आणि दुसरीचं वहीवाले बाबा बोलतात.

सातारकर_पुण्यात | ५ जून, सकाळी ८:५०

वही बघितली! बाबांनी फोटो पाठवलेत. मार्चपासूनच्या नोंदी अशा:

१४ मार्च – १० लि.
२ एप्रिल – २४ लि. फुल. वास.
२१ एप्रिल – ८ लि.
९ मे – २३ लि. फुल. वास. (मंडईत जाऊन आल्यावर नाही)
१ जून – २५ लि. फुल. वास, डाग.

टाकी अठ्ठावीस लिटरची. म्हणजे फुल केली की दोन-तीन दिवस वास, मग बंद. बाबांना विचारलं, आधी का नाही बोललात? म्हणाले, "लिहिलंय की."

जुना_पाना | ५ जून, सकाळी ९:३०

वा. तुझे बाबा वर्कशॉपला पाहिजे होते. फुल असताना गळतं आणि पातळी उतरली की थांबतं, म्हणजे मोठं भोक तळाला नाही, वरच्या अंगाला आहे. आणि वरच्या अंगाला टाकीचा पत्राच सडला असेल असं नाही. तिथे असतं काय: भरणीच्या तोंडापासून टाकीपर्यंत येणारी जाड रबरी नळी, तिच्या शेजारची, भरताना आतली हवा बाहेर सोडणारी बारीक ब्रीदर नळी, त्यांचे क्लॅम्प, गेजच्या फ्लोटचं गॅस्केट. यातलंच काहीतरी. तळाला डाग दिसला कारण पेट्रोल वरून निघून टाकीच्या पत्र्यावरून घरंगळतं आणि सगळ्यात खालच्या कडेवरून ठिबकतं. गॅरेजवाल्याने झाळलं असतं ते भोक नसलेल्या जागी.

शनिवारी असं कर. सकाळी, उघड्यावर, सावलीत. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ, पण ती आधी, पेट्रोल सांडायच्या आधी. खाली खड्डा असलेल्या पिटवर गाडी नेऊ नको. जॅकवर भरवसा नको, दोन घोड्या (लोखंडी स्टँड) लाव आणि पुढच्या चाकांना दगड. सगळा चिखल ब्रशने काढ, कोरड्या फडक्याने पूस. मग टाल्कम पावडर उडव, टाकीवर, नळ्यांवर, क्लॅम्पवर. अर्धा तास थांब. पेट्रोल पावडरीतून वाट काढतं, ओली रेघ स्पष्ट दिसते. आणि रेघेचं खालचं टोक बघू नको, वरचं बघ. गळती तिथे.

दिपाली_क | ५ जून, सकाळी ९:४४

टाल्कम पावडर! हे माहीत नव्हतं. माझ्याकडे रांगोळी वापरली होती एकदा गीझरच्या गळतीला.

जुना_पाना | ५ जून, सकाळी ९:४८

रांगोळी जड, खाली पडते. पावडर चिकटते.

गोंयकार_म्हापसा | ५ जून, दुपारी १२:२०

पावसाळा तोंडावर आहे म्हणून सांगतो. आमच्याकडे टाकीचे पट्टे आणि त्यांच्याखालचं रबर बघायची सवय लावावी लागते. रबराखाली ओल साठते आणि पत्रा आतल्या आत पापुद्र्यासारखा होतो, बाहेरून रंग शाबूत. टाकी खाली उतरवलीत तर पट्ट्याखाली स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. भीड धरू नका.

डॉ_ओपीडी | ५ जून, दुपारी १:०५

एक तातडीची. पेट्रोल काढायला नळी तोंडाने ओढू नका. दरवर्षी कुणीतरी येतंच. एखादा घोट श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसाला सूज येते, पोटात गेल्यापेक्षा ते वाईट. कुणी गिळलंच तर मीठपाणी पाजून उलटी करवू नका, सरळ दवाखान्यात आणा. हातपंप शे-दीडशेला मिळतो.

शिरोलीचा_पोरगा | ५ जून, दुपारी १:१५

आणि काढलेलं पेट्रोल प्लास्टिकच्या बादलीत नको. लोखंडी डबा, जमिनीवर टेकवून, झाकणाचा. प्लास्टिकला स्टॅटिक चढतंय.

मिठाचा_खडा | ५ जून, दुपारी १:४०

घरात पेट्रोल ठेवायला परवानगी लागते ना पण?

रसायनशाळा | ५ जून, दुपारी २:१०

१९३४च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसेल तर तीस लिटरपर्यंत परवाना लागत नाही. टाकीच अठ्ठावीसची, त्यामुळे सातारकर कायद्यात बसतात. पण ते स्वयंपाकघराच्या भिंतीला लावून ठेवू नका, म्हणजे झालं. आणि हाताशी कोरड्या भुकटीचं अग्निशामक ठेवा. नसेल तर वाळूच्या दोन बादल्या. पेट्रोलवर पाणी मारू नका, ते तरंगत पसरतं.

सांगलीवाली_ताई | ५ जून, सायंकाळी ६:३०

साबणाचा उल्लेख कुणीच कसा केला नाही! १९९४ला आम्ही पंढरपूरहून येताना फियाटच्या टाकीला दगड लागून चीर पडली होती. ह्यांनी ढाब्यावरून कपड्याचा साबण घेतला, ओला करून चिरेत दाबून दाबून भरला आणि घर गाठलं. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. एमसीलने जमलं नसतं, पत्रा पेट्रोलने ओला असेल तर पुट्टी धरतच नाही.

जुना_पाना | ५ जून, सायंकाळी ६:५०

ताई, पैकीच्या पैकी मार्क. पण घर गाठण्यापुरतं. लोक साबणावर दोन वर्षं काढतात.

सांगलीवाली_ताई | ५ जून, सायंकाळी ६:५५

आम्ही चार महिने काढले. ह्यांना सांगू नका मी लिहिलं म्हणून.

सातारकर_पुण्यात | ७ जून, रात्री ९:१५

आज दिवसभर गाडीखाली होतो. सविस्तर लिहितो.

सकाळी आठला सुरुवात. हातपंपाने पेट्रोल काढलं नाही, कारण गळती बघायला टाकी वरपर्यंत भरलेलीच हवी होती. पूस-पुसाई झाल्यावर आईचा पावडरचा डबा घेतला (ती फाटकात उभं राहून "सगळा संपवू नकोस" म्हणत होती). टाकी पांढरीफटक झाली. वीस मिनिटांत रेघ उमटली. टाकीच्या कडेच्या सांध्यावरून खाली आलेली, अगदी केसासारखी. तिचा माग काढत वर गेलो तर ती टाकीच्याही वर, ब्रीदरच्या बारीक नळीपाशी. क्लॅम्पच्या अगदी शेजारी नळी वाकवली तर आतून चार-पाच तडे उघडले, जुन्या चपलेच्या तळव्यासारखे. बाहेरून बघून कधीच कळलं नसतं. बाबा खाली वाकून बघायला आले, वही काढली, "ब्रीदर नळी. फुटली." असं लिहून गेले.

मला वाटलं संपलं. शेजारच्या मेकॅनिकलच्या मुलाने सांगितलं, एवढं केलंयस तर टाकी उतरवच. मग पेट्रोल काढलं, लोखंडी डब्यांत. गोंयकारांचं ऐकून पट्ट्यांखाली टोचलं. उजव्या पट्ट्याखाली स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, जोर लावायच्या आत आत गेलं. पत्रा बिस्किटासारखा. बाहेर काळा रंग तसाच चमकत होता. गळत नव्हतं कारण गंजाने आणि चिखलानेच भोक बुजवून ठेवलं होतं.

थोडक्यात: वास येत होता तो नळीमुळे, पण टाकीही जाणारच होती. गॅरेजवाला चुकीच्या कारणाने बरोबर होता. आता झाळू की बदलू?

गोंयकार_म्हापसा | ७ जून, रात्री ९:३०

बदला. जिथे एक ठिकाणी बिस्किट झालं तिथे बाजूचा चार बोटं पत्राही तसाच असतो. डाग द्यायला चांगला पत्रा लागतो, नाही तर डाग देताना भोक मोठं होत जातं.

मिठाचा_खडा | ७ जून, रात्री ९:३८

मी झाळा म्हणणार होतो, पण बिस्किट वाचून माघार घेतो. आतून लावायचं कोटिंगही मिळतं, पण ते पत्रा शाबूत असताना. काही कोटिंग इथेनॉलमध्ये सुटतात आणि पापुद्रे कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात. भोगलंय.

शिरोलीचा_पोरगा | ७ जून, रात्री ९:४५

पुण्यात नाना पेठेत विचार, मुंबईत कुर्ल्याला. ८००चा माल अजून भरपूर आहे, जानेवारी २०१४पर्यंत गाडी बनत होती. पण कार्ब्युरेटरवाल्याचीच टाकी घे. इंजेक्शनवालीत पंप आत असतोय, तोंडं वेगळी.

सातारकर_पुण्यात | १४ जून, रात्री १०:१०

मिळाली, जुनीच पण पत्रा ठणठणीत, १,८०० रुपये. चारी बाजूंनी नाण्याने वाजवून घेतली. आत बघायला मोबाईलचा टॉर्च लावला तर दुकानदार ओरडला, "साहेब, फोन बाहेर!" बरोबर होतं त्याचं.

घरी आणून आत नट-बोल्ट आणि साबणाचं पाणी घालून मी आणि बाबांनी दोन टोकं धरून हलवली, शेजारच्यांना वाटलं लोणी काढतोय. दोन दिवस सुकवली. मग तोंडं बंद करून सायकलच्या पंपाने अगदी थोडी हवा भरली आणि साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा नाही. नळ्या सगळ्याच नवीन, इथेनॉल सोसणाऱ्या. क्लॅम्प नवीन. पट्ट्याखालचं रबर नवीन.

जुना_पाना | १४ जून, रात्री १०:२५

शाब्बास. हवा पंपानेच भरलीस हे बरं केलंस. कॉम्प्रेसर लावून टाकीचा फुगा केलेले लोक मी बघितलेत.

पहिली टाकी फुल करू नको. पाच लिटर घाल, रात्रभर खाली पुठ्ठा ठेव, मग भर. आणि पंपावर नोझल सुटल्यावर "काका, राउंड फिगर करू का" म्हणेल त्याला नाही म्हण. वरपर्यंत भरलेलं पेट्रोल उन्हात फुगतं आणि ब्रीदरमध्येच घुसतं.

सातारकर_पुण्यात | २२ जून, सकाळी ८:३०

पुठ्ठा कोरडा. बाबांच्या वहीत काल: "२६ लि. फुल." पुढे काही लिहिलेलं नाही. गाडी अजून फाटकाबाहेरच आहे, आई आत घेऊ देत नाही.

ओसरी | २२ जून, सकाळी ८:४१

काकूंचं बरोबर आहे.

प्रवासी_नवा | २२ जून, सकाळी ११:०५

छान माहितीपूर्ण धागा. माझ्या जुन्या स्कूटरचा पेट्रोल कॉक बंद केला तरी ठिबकतो. इथेच विचारू का वेगळा धागा काढू?

जुना_पाना | २२ जून, सकाळी ११:१२

वेगळा काढ. पण आधी सांग, स्कूटर उभी कुठे आहे?

प्रवासी_नवा | २२ जून, सकाळी ११:२०

जिन्याखाली. मीटरच्या पेटीशेजारी.

जुना_पाना | २२ जून, सकाळी ११:२१

ढकल बाहेर.